आमची वाटचाल: मधेच जाणारा पिकअप आणि आमचं गॅरेज

आम्ही दोघा भावांनी गॅरेज सुरू केलं तेव्हा ऑइल, ब्रेक, क्लच असली रोजची कामं करायचो, टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा असलेल्या) गाड्या यायच्या पण त्यात खोल शिरायची आमची तयारी नव्हती. मग एक डिझेल गाडी आली. तक्रार अशी की चांगली चालता चालता मधेच पिकअप जातो, गाडी एकदम दबते, आणि बंद करून परत चालू केली की सगळं ठीक. स्कॅनर लावला तर कोड पी ०२९९, म्हणजे पाहिजे तेवढा बूस्ट (टर्बोनं हवेला दिलेला दाब) बनत नाहीये. आम्ही सरळ टर्बो बदलायला सांगितला आणि बदलला. चौथ्या दिवशी गाडी परत दारात, तोच कोड, आणि गिऱ्हाईक काही न बोलता चावी हातात देऊन उभं राहिलं, ते मला अजून आठवतं.

शेवटी सापडलं काय, तर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाईपला खालच्या बाजूने चीर. गाडी उभी असताना ती मिटलेली असायची, गळती शोधायच्या स्मोक मशीनचा धूर सोडला तरी बाहेर काही आलं नाही कारण त्या टेस्टचं प्रेशर अगदी कमी असतं, पण चढावर फुल ॲक्सिलरेटर दिला की पाईप फुगायचा आणि चीर उघडायची. पाईप काढून हातानं वाकवला तेव्हा दिसली. त्या जागेवर तेलकट धूळ साचलेली होती आणि आम्ही ती पहिल्याच दिवशी बघितली होती, बघून सोडून दिली होती. जुना टर्बो परत बसवला, मजुरीसकट सगळे पैसे परत केले. तो महिना फार ओढाताणीचा गेला.

त्यानंतर भाऊ म्हणाला की यापुढे रस्त्यावरचं रीडिंग घेतल्याशिवाय एकही पार्ट मागवायचा नाही. लॉगिंग करणारा, म्हणजे गाडी चालताना रीडिंग साठवणारा, चांगला स्कॅनर घेतला. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरला कमी आरपीएमवरून फुल ॲक्सिलरेटर, एक जण चालवणार, दुसरा स्क्रीनवर. मागितलेला बूस्ट, प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, ॲक्च्युएटरला (टर्बोचा बूस्ट कमी-जास्त करणाऱ्या भागाला) जाणारी कमांड आणि एअर मास (इंजिन ओढत असलेली हवा), एवढं एकत्र बघितलं की बरंच कळतं. कमांड वाढतेय, हवा नेहमीपेक्षा जास्त ओढली जातेय आणि तरी बूस्ट कमी, तर हवा टर्बोतून निघाल्यावर पुढे कुठेतरी बाहेर पडतेय. हवाही कमी आणि बूस्टही कमी असेल तर व्हॅक्यूमची बाजू (ॲक्च्युएटर ओढणाऱ्या नळ्या), सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह), एअर फिल्टर, किंवा आत ओढला जाऊन चपटा होणारा सक्शनचा पाईप.

गाडी चालवायच्याही आधी चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बघायचा. समुद्रसपाटीला तो साधारण १००० मिलिबार दाखवायला पाहिजे, उंचावर थोडा कमी, आणि तिथेच गडबड असेल तर पुढची सगळी रीडिंग खोटी.

आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते उलट्या केसेसनी. गिऱ्हाईक म्हणतं पिकअप गेला, आणि लॉगमध्ये दिसतं की बूस्ट आधी प्रमाणाबाहेर वर गेला, म्हणून ईसीयूनं (इंजिनाच्या कॉम्प्युटरनं) गाडी लिंप मोडला टाकली, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद कमी केली. व्हेरिएबल टर्बोत काजळीनं वेन (एक्झॉस्टची वाट लहान-मोठी करणाऱ्या पट्ट्या) अडकल्या की असं होतं, गाडी कायम हळू आणि जवळच्या जवळ फिरत असेल तर जास्तच. तिथं हातपंपानं व्हॅक्यूम द्यायचा, ॲक्च्युएटरचा रॉड सरकताना झटके घेतोय का बघायचं, आणि पंपाचा काटा खाली येत असेल तर डायफ्रॅम (ॲक्च्युएटरमधला पडदा) किंवा बारीक नळी गळतेय. तीच बारीक नळी, पण प्रेशरवर उघडणारा वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारा व्हॉल्व्ह) असलेल्या पेट्रोल गाडीत गळाली तर बूस्ट वाढतो, आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या डिझेल टर्बोत गळाली तर कमी होतो. हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली, म्हणून नवीन आलेल्या मुलाला मी हे पहिल्या आठवड्यातच सांगतो.

गाडी गरम झाल्यावरच त्रास देते का, कुठल्या गिअरला, चावी बंद-चालू केल्यावर ठीक होते का, हे प्रश्न मी स्वतः विचारतो आणि वहीत लिहितो. मधेच येणारा फॉल्ट गिऱ्हाईकाच्या सांगण्यातूनच अर्धा सापडतो, एवढं माझं ठाम मत झालंय.

धंद्याच्या बाजूनं अवघड गेलं ते नुसत्या तपासणीचे पैसे मागणं. पार्ट बदलला नाही तर पैसे कशाचे, असं लोक विचारायचे, आणि त्यांचंही बरोबर होतं कारण कोणी तसं घेतच नव्हतं. आम्ही लॉगचा ग्राफ समोर ठेवून समजावायला लागलो तेव्हा हळूहळू पटलं. आता दुसरी गॅरेजंसुद्धा गाड्या पाठवतात, आम्ही पाच जण झालो. टर्बो बदलायचाच असेल तर आधी खोलून दाखवतो. शाफ्ट आडवा किंचित हलणं चालतं कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर फिरतं, पण पुढे-मागे हाताला जाणवेल इतका खेळ असेल किंवा पंखा घासलेला असेल तरच नवीन.

सध्या इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटरच्या गाड्या वाढल्यात. तिथं हातपंप कामाचा नाही, स्कॅनरमधून ॲक्च्युएटर हलवून त्याची पोझिशन कमांडला जुळते का ते बघावं लागतं, आतले गिअर झिजलेले असले की ठराविक जागीच अडकतं. त्यासाठी भावानं वेगळी वही सुरू केलीय, आत्तापर्यंत अकरा गाड्या त्यात लिहून झाल्यात.