पराच्या मागच्या कडेवरची खाच

गावच्या गुराख्याला चाळीस ढोरांतून कुणाची म्हैस कुठली, हे विचारावं लागत नाही. शिंगाचं वळण, फाटका कान, कपाळावरचा चांद, एवढं त्याला पुरतं. उष्ण कटिबंधातल्या बेटांभोवती डॉल्फिन आणि दातवाल्या देवमाशांवर वर्षानुवर्षं चालणारं संशोधन याच ओळखीवर उभं आहे. इथे कानाच्या जागी पाठीवरचा पर असतो आणि त्याच्या मागच्या कडेला पडलेल्या खाचा.

जळगाव-धुळ्याकडची प्राणिशास्त्राची मुलं विचारतात, आपली तापी समुद्राला भेटते तीही थेट सुरतेच्या पुढे, मग या विषयात शिरायचं कुठून? माझं उत्तर ठरलेलं आहे: फोटोंच्या टेबलावरून. समुद्रावरच्या एका दिवसामागे टेबलावरचे कित्येक दिवस असतात, आणि अनेक वर्षांची माहिती नासते ती बहुतेक वेळा टेबलावरच.

आधी बेटंच का, ते सांगतो. ज्वालामुखीच्या बेटाचा उतार किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर हजार मीटर खोल जातो, त्यामुळे खोल पाण्यातले प्राणी लहान बोटीच्या टप्प्यात येतात. हवाईच्या मोठ्या बेटावर मौना केआ आणि मौना लोआ हे 4,000 मीटरहून उंच डोंगर व्यापारी वारे अडवतात. म्हणून पश्चिमेकडच्या कोना किनाऱ्याला पाणी बरंच शांत मिळतं. तिथे देवमाशांचे अभ्यासक रॉबिन बेअर्ड आणि कास्कॅडिया रिसर्च कलेक्टिव्ह ही संस्था यांचं काम दोन दशकांहून जास्त काळ चालू आहे. दातवाल्या देवमाशांच्या किमान 11 जातींचे कायमचे रहिवासी गट हवाईभोवती आहेत, हे अशाच कामातून कळलं. बहामात डेनिस हर्झिंग यांचा वाइल्ड डॉल्फिन प्रोजेक्ट 1985 पासून चालू आहे. तिथल्या अटलांटिक ठिपकेवाल्या डॉल्फिनचं पिल्लू बिनठिपक्यांचं जन्मतं आणि वयाबरोबर ठिपके वाढत जातात. अशा जातीचे फोटो दरवर्षी नवे हवेत, नाहीतर जुन्या फोटोवरून तोच प्राणी ओळखू येत नाही.

आता फोटो. 100-400 मिलिमीटरची लेन्स, शटर सेकंदाच्या 1/2000 च्या आसपास, कॅमेरा सलग फोटो काढणाऱ्या सेटिंगवर. बोट प्राण्यांना समांतर ठेवायची आणि वेग त्यांच्या वेगाइतका. पुढून आडवं जायचं नाही, मागून रेटायचं नाही. ऊन पाठीशी घ्यायचं. पर कॅमेऱ्याला काटकोनात दिसायला हवा, कारण तिरक्या फोटोत खाच अरुंद दिसते किंवा दिसतच नाही. डावी आणि उजवी, दोन्ही बाजू घ्यायच्या. खाच दोन्हीकडून दिसते, पण ओरखडे आणि डाग एकाच बाजूला असतात.

नवखा माणूस इथे हमखास एक चूक करतो. ठळक खाचेचा पर दिसला की कॅमेरा त्याच्याच मागे फिरत राहतो आणि गुळगुळीत पराचे प्राणी तसेच सुटतात. मग खुणा असलेल्यांचं प्रमाण फुगतं आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. समोर येईल त्याचा फोटो, हा नियम पाळायलाच हवा. सकाळी निघताना जीपीएसच्या पडद्यावरच्या घड्याळाचाही एक फोटो घ्या. कॅमेऱ्याचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असलं तरी कुठला फोटो कुठल्या जागेचा, हे नंतर जुळत नाही.

प्राणी दिसले नाहीत तरी नोंद चालूच ठेवायची. दर अर्ध्या तासाला वेळ, ठिकाण, ब्यूफोर्ट मापावर (वाऱ्याचा जोर आणि समुद्राची खळबळ मोजणारं माप) समुद्राची स्थिती, लाटेची उंची आणि टेहळणीला किती जण आहेत ते लिहायचं. ब्यूफोर्ट 3 च्या वर गेलं की चोचवाले देवमासे जवळजवळ दिसतच नाहीत. मुळातच ते तासाभराच्या बुड्या मारतात आणि वर मोजकीच मिनिटं असतात. क्युव्हिएच्या चोचवाल्या देवमाशाची 2,992 मीटर खोल बुडी नोंदली गेली आहे. समुद्राची स्थिती लिहिलेली नसली तर 'दिसले नाहीत' आणि 'दिसणं शक्यच नव्हतं' यांतला फरक दहा वर्षांनी कुणालाही सांगता येत नाही.

टेबलावर पहिलं काम गाळणीचं. प्रत्येक भेटीतल्या प्रत्येक प्राण्याचा डाव्या-उजव्या बाजूचा सर्वांत चांगला फोटो निवडायचा आणि पराभोवती कापायचा. मग त्याला दोन वेगळे गुण द्यायचे: फोटोच्या दर्जाला 1 ते 4 आणि पराच्या ठळकपणाला 1 ते 4. या दोन्हींची सरमिसळ फार होते. धूसर फोटोतही मोठी खाच दिसते, म्हणून हात आपोआप दर्जाचा गुण वाढवतो. त्यासाठी दर्जा ठरवताना फक्त फोकस, कोन, उजेड आणि चौकटीतला पराचा आकार पाहायचा, खाचेकडे बघायचंच नाही.

नंतर जुळवणी. फिनफाइंडआर, फ्लूकबुक, हॅप्पीव्हेल यांसारखी फोटो जुळवणारी संगणकी साधनं संभाव्य जोड्या पुढे आणून देतात, पण शेवटचा शब्द माणसाचा. दोघांनी स्वतंत्रपणे पाहावं, एकमेकांना न विचारता. एवढी काळजी का, ते हिशेबावरून कळेल. पहिल्या फेरीत 40 प्राणी ओळखले, दुसऱ्या फेरीत 45, दोन्हींत सामाईक 20. अंदाज 40 गुणिले 45 भागिले 20, म्हणजे 90. आता त्या विसातल्या दोन जोड्या तुमच्या नजरेतून सुटल्या आणि सामाईक 18 च धरले, तर अंदाज थेट 100 वर जातो. उलट वेगळे प्राणी एकच समजून दोन खोट्या जोड्या लावल्या आणि सामाईक 22 धरले, तर तो 82 वर येतो. हे झाले फक्त खुणा असलेले. एकूण प्राण्यांत ते तीन चतुर्थांश असतील तर 90 ला 0.75 ने भागून 120.

लहान संख्येच्या गटात ही चूक महागात पडते. हवाईच्या मुख्य बेटांभोवती राहणारे फॉल्स किलर व्हेल आज दोनशेहूनही कमी आहेत. 1989 मध्ये विमानातून केलेल्या पाहणीत 400 हून जास्त प्राण्यांचा एकच जमाव दिसला होता. अमेरिकेने 2012 मध्ये या गटाला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. एवढ्याशा गटात दहा-वीसच्या चुकीने घट दिसेनाशी होऊ शकते.

खुणा बदलतात, हेही लक्षात ठेवायला हवं. मासेमारीच्या दोरीने पर कापला जातो, कधी मुळापासून लोळतो. कुकीकटर शार्कच्या चाव्याचे गोल-लांबट पांढरे व्रण चोचवाल्या देवमाशांवर भरपूर असतात आणि ओळखीला मदत करतात, पण दरवर्षी त्यांत नव्यांची भर पडते. म्हणून एका खुणेवर जोडी ठरवू नये. निदान दोन-तीन खुणा जुळाव्यात, आणि न जुळणाऱ्या खुणेचं कारण सांगता यावं: नवी जखम चालेल, भरून आलेली खाच चालणार नाही. पराचं गेलेलं मांस परत येत नाही.

उपग्रह-टॅग आणि त्वचेचा नमुना घेणं ही परवान्याची, प्रशिक्षित हातांची कामं. टॅग परावर छोट्या काट्यांनी बसतो, थोडे दिवस ते काही महिने टिकतो आणि पाण्याबाहेर असतानाच संदेश पाठवतो. आवाजाच्या नोंदीत चूक होते ती नमुने घेण्याच्या वेगाच्या निवडीत. सेकंदाला 1,92,000 नमुने घेणारा यंत्रसंच 96 किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, तर बुटक्या स्पर्म व्हेलचे टिकटिक आवाज 120 च्याही वर असतात. अख्खं वर्ष नोंद करूनही त्यांचा पत्ता लागणार नाही.

आपल्याकडे लक्षद्वीपच्या बेटांभोवती स्पिनर डॉल्फिन भरपूर आहेत. सगळे देवमासे आणि डॉल्फिन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे संशोधनासाठी परवानगी आधी घ्यावी लागते. स्पिनर रात्री शिकार करून दिवसा उथळ पाण्यात विसावतात. म्हणूनच हवाईत 2021 पासून किनाऱ्यालगतच्या दोन सागरी मैलांत त्यांच्या 50 यार्डांच्या आत जायला बंदी आहे. आपणही तेवढं अंतर राखावं.

तोपर्यंत सराव घरी करता येतो. कॅमेऱ्याच्या नेमासाठी हिवाळ्यात हतनूरचा जलाशय: पाणकावळा बुडी मारून कुठे वर येईल याचा अंदाज बांधायचा आणि तो दिसल्यापासून सेकंदाच्या आत फोकस झालेला फोटो मिळवायचा. जुळवणीसाठी गावाचा कळप. सकाळी ढोरं चरायला निघतात तेव्हा वाटेच्या कडेला उभं राहून, कुणाचं ढोर कुठलं हे न विचारता, दिसतील तेवढ्यांच्या दोन्ही कानांचे आणि शिंगांचे फोटो घ्या. आठ दिवसांनी पुन्हा घ्या. दोघांनी वेगवेगळं बसून जोड्या लावा, वरच्या सूत्राने कळपाची संख्या काढा. मग फोटो घेऊन गुराख्याकडे जा. कोणत्या जोड्या सुटल्या, कोणत्या खोट्या लागल्या आणि कळपात खरी ढोरं किती, हे तो जागच्या जागी सांगेल.