मोरपिसांचा टोप आणि दोन इंच माया

धुळ्यात आज गॅदरिंगची रिहर्सल. पावरी या आदिवासी फुंकवाद्याच्या सुरावर नाच, आणि पुन्हा तेच: पोरांना काळा रंग फासा, कमरेला भोपळे बांधा, झाले ‘आदिवासी’! अहो, नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीत बावा-बुध्या, म्हणजे नवस केलेले नाचणारे, मोरपिसांचा टोप आणि भोपळ्यांचा साज नेम पाळून चढवतात. अंगावर राखेची पांढरी नक्षी असते. काळं फासणं ही निव्वळ रंगाची टिंगल. पावरीवाल्यालाच बोलवा की, मानधन देऊन.

आणि जाड पोरगी मागच्या रांगेत का? ब्लाउज तिच्यामुळे उसवत नाही. माप हात खाली ठेवून घेतात, नाच हात वर करून होतो! बाजूच्या शिलाईत दोन इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवा, काखेत चौकोनी तुकडा जोडा. निवेदकाच्या कागदातला ‘हत्तीण’वाला विनोद तेवढा आजच खोडा.