सही कुणाची चालते?

"तुम्ही यांचे कोण?" इस्पितळाच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. तो नुसता उभा राहिला. हातात एक्स-रेची पिशवी, बाहीला गवताच्या काड्या चिकटलेल्या.

पेडण्यातले आमचे शेजारी घोडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी. त्यांचा भाऊ बेळगावहून येईपर्यंत थांबा, असं इस्पितळवाले म्हणाले.

काउंटरवर उभा असलेला हा माणूस गावोगाव भटकत, मिळेल ते काम करत इथे आला आणि राहिला. त्याचं आणि शेजाऱ्यांचं, दोघा पुरुषांचं, प्रेम वाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. (लिहिण्याआधी दोघांना विचारलंय.)

पहाटे त्याने घोडीला खरारा करायचा, खूर साफ करायचे, फिरवून आणायचं, कारण नुसती बांधून ठेवली तर पोटशूळाची भीती. मग इस्पितळ. रात्री पुन्हा पागा.

स्ट्रेचरवरून शेजारी म्हणाले, "माझी घोडी परक्याला जवळ येऊ देत नाही. त्याच्या खांद्यावर मान टाकते. तिला कळलं, यांना कागद लागतो."

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं प्रेम गुन्ह्यातून सोडवलं. २०२३ मध्ये लग्नाचा हक्क मात्र दिला नाही. आपल्या गोव्यात लग्न नोंदलं की, वेगळा करार नसेल तर, घरदार दोघांचं होतं. या दोघांना साधी सहीसुद्धा नाही. मला हे फार लागलंय.

इथे कुणी वकील आहे का? मुखत्यारपत्र करून ठेवलं तर इस्पितळं मानतात का?