सातपासून सुरू होणारं छप्पर

इंग्लंडमधल्या सफोकच्या एका खेड्यात दोन घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. डावीकडच्याचा दर्शनी भाग लाल विटांचा, खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, अगदी अठराव्या शतकातलं वाटणारं. उजवीकडचं पांढऱ्या गिलाव्याचं, बुटकं. संरक्षित इमारतींच्या राष्ट्रीय यादीत दोघांच्या नोंदी वेगळ्या, दोन्ही ग्रेड टू या संरक्षण-श्रेणीतल्या. जुन्या नोंदींपैकी कितीतरी रस्त्यावरूनच, आत पाऊल न टाकता झालेल्या आहेत. म्हणून आतून पाहिल्याशिवाय मी त्यांच्यावर विसंबत नाही.

अशा घरांची पाहणी आणि दुरुस्तीचे आराखडे हे माझं काम. उजवीकडच्या जोडप्याला माळ्यावर मुलीसाठी खोली हवी होती. नकाशात माळ्याच्या मधोमध, लांबीने जाणारी एक तुळई कापायची म्हणून दाखवली होती. डोक्याला लागते, एवढंच कारण.

टॉर्च घेऊन वर चढले, तर वासे काळे कुळकुळीत. कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघरात आढ्याला धरते तशी जाड काजळी. मध्ययुगात या घरांना धुराडं नसे. मधल्या दालनात वर मजलाही नसे. जमिनीवरच जाळ पेटायचा आणि धूर थेट छपरात जाऊन फटींतून बाहेर पडायचा. सोळाव्या-सतराव्या शतकात विटांची धुराडी आली, दालनांत मजले पडले आणि हे काळे वासे माळ्यावर कोंडले गेले. लांबच्या टोकाला छपरापर्यंत चढलेली एक कुडाची भिंत होती. तिची दालनाकडची बाजू काळी, पलीकडची स्वच्छ मातकट. म्हणजे दालन तिथे संपत होतं. पण सुरू कुठे होत होतं?

उत्तर ओक लाकडावरच्या खुणांनी दिलं. तिथले सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहायचे, सुटा करायचे आणि मग जागेवर उभा करायचे. जोड चुकू नयेत म्हणून लाकडावर रोमन आकडे कोरलेले असतात. नऊ लिहायचा तर पाचाच्या खुणेपुढे चार उभ्या रेघा. शेजारघराला लागून असलेल्या वाशांच्या जोडीवर मी बोट फिरवलं. सात. पुढे आठ, नऊ, दहा. एक ते सहा या घरात नव्हतेच.

शेजारच्या आजींकडे गेले. "वर नाताळच्या सजावटीशिवाय काही नाही हो," म्हणत त्यांनी शिडी काढून दिली. वर तीच काजळी आणि सहा, पाच, चार असे उतरत गेलेले आकडे. दोन घरांमधल्या पातळ भिंतीत एक कोरीव खांब अर्धा गाडला गेला होता. त्याचा एक वाकडा टेकू आजींच्या माळ्यात, दुसरा पलीकडे, आणि माथ्यावरून तीच लांब तुळई दोन्ही घरांत गेलेली. एका भल्या मोठ्या दालनाच्या ऐन मध्यावर कुणीतरी भिंत घालून दोन घरं केली होती. माझे हात थरथरत होते. इतक्या वर्षांच्या कामात असं स्पष्ट छप्पर क्वचितच दिसलं.

आणि काळजीही तिथेच होती. या छपराला आढं नाही. वाशांच्या जोड्या लांबीच्या दिशेने कलंडू नयेत म्हणून सगळी भिस्त त्या तुळईवर आणि टेकूंवर. उजवीकडे ती कापली असती, तर आजींचं छप्परही हळूहळू कललं असतं.

संध्याकाळी आजींच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना बसवून आकडे कागदावर काढून दाखवले. परवानगीशिवाय अशी तुळई कापणं संरक्षित इमारतींच्या १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगितलं. पण ते ऐकण्याआधीच जोडप्याने माळ्यावरच्या खोलीचा विचार सोडला होता. घराचं वय विचारलं, तेव्हा खांबाच्या घडणीवरून पंधरावं शतक असावं म्हटलं. नेमकं साल हवं तर लाकडाला भोक पाडून वाढीची वर्तुळं मोजावी लागतील. नवऱ्याला इतका हुरूप आला, की आजींच्या दर्शनी विटाही काढून मूळ लाकूड उघडं करू म्हणाला. मी नाही म्हटलं. इंग्रज कलावंत-लेखक विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती नेमकी या मोहाविरुद्ध. त्या विटांनाही आता अडीचशे वर्षांचं आयुष्य आहे, आणि मधल्या भिंतीलाही.

दोन्ही घरांनी मिळून परवानगीसाठी एकच अर्ज करायचं ठरवलं. मुलीची खोली आता खाली, मागच्या बाजूला होईल. तुळईला एका ठिकाणी कीड लागली आहे. तेवढाच भाग काढून नव्या ओकचा तुकडा जोडायचा आहे, आणि त्याचा खर्च दोघं निम्मा-निम्मा उचलणार आहेत.