कीवर्ड आहे का नाही, हे प्रीप्रोसेसरला कुठे माहीत असतं

परवा माझी एक जुनी सी लायब्ररी जीसीसी या कंपायलरच्या १५ व्या आवृत्तीवर बिल्ड करायला घेतली आणि पहिल्याच हेडरला (इतर फाइल्समध्ये इन्क्लूड करायची फाइल) आडवी झाली. कोडचं एक अक्षर बदललं नव्हतं. झालं असं की त्या हेडरमध्ये मीच कधीतरी बूलचं टाइपडेफ (टाइपला दिलेलं आपलं नाव) लिहून ठेवलेलं, आणि सी२३ या सी भाषेच्या नव्या स्टँडर्डमध्ये बूल, ट्रू, फॉल्स हे थेट कीवर्ड (भाषेने राखून ठेवलेले शब्द) झालेत, त्यात जीसीसी १५ चा डिफॉल्ट पण आता जीएनयू२३ (सी२३ अधिक जीसीसीच्या स्वतःच्या सोयी) आहे, मग काय, बोंबलणारच.

मग म्हटलं कीवर्ड आहे का ते आधी चेक करू. इथे सगळे एकदा तरी इफडेफ बूल, म्हणजे या नावाचा मॅक्रो आहे का अशी अट, लिहितात (मीही लिहिलंय, हसू नका). पण प्रीप्रोसेसर (कंपाइल होण्याआधी मॅक्रो उलगडणारा टप्पा) चालतो तेव्हा कीवर्ड ही भानगडच नसते, त्याच्या लेखी इनलाइन काय नि बूल काय, नुसती नावं, मॅक्रो नसेल तर उत्तर कायम नाही. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये शब्द साधं नाव आहे का ते सांगणारी इज-आयडेंटिफायर नावाची सोय आहे, पण एका कंपायलरपुरती सोय घेऊन पोर्टेबल कसं होणार.

दुसरा मार्ग एसटीडीसी व्हर्जन मॅक्रो, म्हणजे कोणतं सी स्टँडर्ड चालू आहे त्याचा आकडा, तो १९९९०१ (सी९९) किंवा पुढे असेल तर इनलाइन आणि रिस्ट्रिक्ट हे कीवर्ड आहेत असं धरायचं. हो आलं तर ठीक, नाही आलं तर मात्र काहीच कळत नाही. जीसीसी ५ च्या आधी डिफॉल्ट जीएनयू८९ होता, इनलाइन मस्त चालायचं पण हा मॅक्रोच नसायचा. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरलाही सी११ किंवा सी१७ सारख्या स्टँडर्डचा स्विच दिला तरच तो मिळतो.

म्हणून ऑटोकॉन्फ (बिल्डआधी सिस्टिम तपासणारं साधन) सरळ छोटी फाइल कंपाइल करून बघतं, आधी साधं इनलाइन, मग अंडरस्कोअरवाली रूपं, काहीच नाही जमलं तर रिकामा मॅक्रो. मला हाच प्रकार प्रामाणिक वाटतो. पण इथेही एक गोम आहे, शब्द ओळखला म्हणजे अर्थ तोच असेल असं नाही. नुसतं इनलाइन लिहिलं तर जीएनयू८९ बाहेरून दिसणारी डेफिनिशन तयार करतं, सी९९ करत नाही, आणि एक्स्टर्न इनलाइनचं बरोब्बर उलटं. टेस्ट फाइल पास होते आणि खऱ्या प्रोजेक्टमध्ये लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) एकतर मल्टिपल डेफिनिशन म्हणतो नाहीतर अनडिफाइन्ड रेफरन्स. स्टॅटिक इनलाइन लिहा, दोन्हीकडे सारखं वागतं.

आणि कीवर्डच्याच नावाचा मॅक्रो करू नका. मी एकदा रिस्ट्रिक्टचा केला होता, अंडरस्कोअरवाला पर्याय घालून, तर विंडोजच्या हेडरमध्ये डेक्लस्पेक या मायक्रोसॉफ्टच्या खास शब्दाच्या कंसात तोच शब्द असतो, तिथेही घुसला आणि एररचा पाऊस. स्टँडर्डच सांगतं की स्टँडर्ड हेडर घेण्याआधी असं करायचं नसतं. तेव्हापासून लायब्ररीचं प्रीफिक्स लावलेलं नावच वापरतो.

बूलचं काय केलं? टाइपडेफ उडवलं आणि एसटीडीबूल हेडर इन्क्लूड केलं. ते सी९९ पासून आहे, सी२३ मध्येही आहे, डिटेक्ट काहीच करावं लागलं नाही.