दोन वस्तरे आणि तीन संध्याकाळी

नोकरीसाठी ड्युसेलडॉर्फला आल्यापासून झोलिंगनची ओढ लागली. लोकलने अर्ध्या तासाचं अंतर, आणि गाव चाकू-कात्र्यांचं. १९३८ पासून जर्मनीत कायदाच आहे की दुसरीकडे बनलेल्या पात्यावर ‘झोलिंगन’ हे नाव घालता येत नाही. गेल्या वर्षी जुन्या बाजारात तिथलाच एक वस्तरा २५ युरोंना मिळाला. त्याच सुमारास एका कारागिराकडे मागवलेला, सगळा हातानं घडवलेला नवा वस्तराही आला. त्याचे ३८० युरो पडले. मग ठरवलं, दोन्ही एकाच दगडांवर पाजवायचे आणि दोन्ही वस्तऱ्यांनी दाढी करून बघायची.

वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, म्हणजे आपले सुतार म्हणतात ते सूत. जुना पाच सूत, नवा सात. पाजवताना पाठ आणि धार एकदमच दगडाला टेकलेली ठेवायची. कोन हातानं धरावा लागत नाही, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदीच तो ठरवते, साधारण सतरा अंश. म्हणून पातं सरळ असणं हीच खरी गोष्ट.

ते तपासायला धारेवर काळ्या मार्करनं रेघ ओढतात. जुन्याची ओढली, हजार नंबरच्या दगडावर हलकेच दोन हात मारले, तर शाई टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या कडेपासून, टोकापर्यंत सारखी पुसली. नव्याची एका बाजूला फक्त टोकाशी आणि टाचेशी गेली, मधे तशीच काळी. उलटवून पाहिलं तर नेमकं मधेच गेलेली. पातं केसभर वाकलेलं होतं. पोलादाला पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन थंड करताना, असं होतं. खोलगट बाजू सपाट दगडाला टेकणारच नव्हती. मग बोटभर रुंदीचा दगड आणला, त्यावर पातं टाचेकडून टोकाकडे तिरकं ओढत गेलो. हजार, चार हजार, आठ हजार, बारा हजार, असे बारीक होत जाणारे दगड. तीन संध्याकाळी गेल्या, शेवटच्या दिवशी मनगट सुजलं. जुना एका संध्याकाळीच झाला होता.

या फरकाचं कारण कळलं ते झोलिंगनमध्ये वुपर नदीकाठच्या विपरकोटेनला गेल्यावर. पाणचक्कीवर चालणारी ही पाती घासायची जुनी कार्यशाळा अजून उभी आहे. झोलिंगनमध्ये पातं घडवणारे वेगळे, पाणी देणारे वेगळे, घासणारे वेगळे, मूठ बसवणारे वेगळे. घासणारा जन्मभर घासण्याचंच काम करायचा. ‘कारखान्याचा माल’ म्हणून आपण ज्याला खालचा मानतो, तो अशा चार-पाच मुरलेल्या हातांतून गेलेला असतो. माझ्या कारागिराला ही सगळी कामं एकट्यानं करावी लागतात, आणि तो ती मन लावून करतो. पण एकेका कामात वर्षानुवर्षांनी येतो तो सराव त्याला एवढ्यात कुठून यावा?

जुन्याची मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची. ती चोळली की कापराचा वास येतो, थेट देव्हाऱ्यातला, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. पण ते खराब व्हायला लागलं की त्यातून आम्लाच्या वाफा सुटतात. पातं मिटल्यावर जिथे मुठीत टेकत होतं, नेमका तिथेच गंज होता. मूठ बदलून टाकली. जुना घेताना हे आधी बघावं.

दाढीचं म्हणाल तर दोन्ही वेगळेच. जुन्याचं पातं दोन्ही अंगांनी इतकं कोरलेलं की धार नखावर अलगद दाबली तर लवते. गालावरून फिरताना तो वाजतो, एकेक खुंट कापल्याचं ऐकू येतं. वाईला आजोबांची दाढी करायला न्हावी यायचे, धोकटीतून वस्तरा काढून तळहातावर घासायचे. तोच खर्रखर्र आवाज. नवा मुका आणि जड. दाबावा लागत नाही, स्वतःच्या वजनानं उतरतो, आणि हनुवटीवरचे राठ केस एका फेरीत काढतो. हे जुन्याला जमत नाही.

पहिलाच वस्तरा घेत असाल तर जुना घ्या, सरळ पाठीचा.

कारागिराला पात्याचं कळवलं. त्यानं लगेच परत मागितला, नवीन करून देतो म्हणाला. मी पाठवला नाही. रविवारी चामड्याच्या पट्ट्यावर दोन्ही साठ-साठ वेळा ओढतो. हनुवटीला नवा, गालांना आणि गळ्याला जुना.