रकाना भरेपर्यंत हंगाम गेला

गडचिरोली जिल्ह्यातील कोरची तालुक्यातल्या एका गावाबरोबर मोहाच्या झाडांवर संयुक्त संशोधन करायचे ठरले, तेव्हा सहकाऱ्यांनी मला गावाविषयी पुष्कळ सावध केले. आमच्याच विद्यापीठाच्या लेखा विभागाविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. गावातले काम सरळ झाले. फुले वेचणे सोपे जावे म्हणून मोहाखालचा पालापाचोळा जाळतात, त्या आगीत नवी रोपे टिकत नाहीत आणि जुनी झाडे तर वठत चालली आहेत, हे गावातल्या बायकांनीच मला दाखवले. पाला न जाळता झाडाखाली जाळी अंथरली तर फूल किती हाती लागेल आणि रोपे तग धरतील का, हा प्रश्नही त्यांचाच होता. ग्रामसभेत चर्चा झाली, अटी ठरल्या आणि ठराव मंजूर झाला.

विद्यापीठाच्या सामंजस्य कराराच्या नमुन्यात ‘सहभागी संस्थेचा नोंदणी क्रमांक’ असा एक रकाना आहे, आणि आमचे प्रकरण तिथे अडकले. ‘मॅडम, ग्रामसभा म्हणजे मीटिंग. मीटिंगबरोबर करार कसा करणार?’ असे मला अत्यंत सौजन्याने विचारण्यात आले आणि तोडगाही सुचवण्यात आला की, एखादी नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था मध्ये घ्यावी. हा तोडगा बरेच संशोधक स्वीकारतात, कारण त्याने काम लवकर सुरू होते. पण मग निधी त्या संस्थेकडे जातो, स्वाक्षरी तिची होते आणि ज्यांचे जंगल व ज्यांचे ज्ञान, ते गाव अहवालात केवळ ‘अभ्यासक्षेत्र’ म्हणून उरते. मी नकार दिला. हा माझा हट्ट होता असे कोणी म्हटले तर मला त्याचे वाईट वाटणार नाही.

त्यानंतर मी सविस्तर टिपणी लिहिली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ मध्ये ग्रामसभेची व्याख्या आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रांना पंचायत व्यवस्था लागू करणाऱ्या कायद्याने, तिथल्या ग्रामसभेचा मोहफुले, तेंदूपाने अशा गौण वनोपजावरील मालकी हक्क मान्य केला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क आणि जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्कही मान्य केला आहे. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्येच सामूहिक वनहक्क मिळाला. हे सर्व लिहून मी आमच्या ग्रामसभेच्या वनहक्क दाव्याची मान्यता, बँकेचे पासबुक आणि पॅन कार्डाची प्रत जोडली. ही ग्रामसभा तेंदूपानांच्या विक्रीसाठी व्यापाऱ्यांशी लेखी करार करते आणि त्याचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात. तेंदूच्या व्यापाऱ्याला तिच्याशी करार करताना जी अडचण येत नाही, ती विद्यापीठाला का यावी, असेही शेवटी लिहिले होते. ते वाक्य नंतर खोडले. नस्ती (फाइल) परत आली, तिच्यावर शेरा होता: ‘नोंदणी प्रमाणपत्र जोडावे.’ मी उत्तर दिले, आणि पुन्हा तोच शेरा, तशाच अक्षरात, वेगळ्या तारखेने आला. मोहाचा हंगाम मार्चअखेरीस भरात असतो आणि आमच्या लेखा विभागाचाही; त्यामुळे त्या काळात भेट मिळणेही दुरापास्त झाले. फुले गळून, वेचून, वाळवून संपली, नेहमीप्रमाणे पाला जाळून, आणि आमच्या जाळ्यांची मागणी मंजुरीच्या रांगेतच राहिली. गावात जाऊन हे सांगितले तेव्हा एक आजोबा म्हणाले, ‘मॅडम, आम्ही तर तुमच्या विद्यापीठाचा नंबर विचारला नव्हता.’

अखेर प्रकरण विधी सल्लागारांकडे गेले आणि त्यांनी एका ओळीत अभिप्राय दिला की, ग्रामसभा ही कायद्यानेच अस्तित्वात आलेली संस्था असल्याने तिला वेगळ्या नोंदणीची आवश्यकता नाही. त्यावरही संगणकप्रणाली तो रकाना रिकामा स्वीकारेना. तिथे वनहक्क मान्यतेचा क्रमांक भरला आणि करार झाला. विधी सल्लागारांची ती ओळ मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे, आणि त्यात मला थोडा अभिमान वाटतो हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांना असा करार करायचा आहे त्यांनी लेखा विभागाआधी विधी सल्लागारांचा लेखी अभिप्राय घ्यावा.

संशोधनात सहभागी माणसांचे हित पाहणाऱ्या नैतिकता समितीकडे मला फारसा त्रास झाला नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. समितीचा संमतिपत्राचा नमुना एकेका व्यक्तीसाठी असतो आणि मोहाविषयीचे ज्ञान साऱ्या गावाचे असते. म्हणून आधी ग्रामसभेचा ठराव आणि नंतर, प्रत्येकाला गोंडीतून वाचून दाखवून, वैयक्तिक संमती असा क्रम आम्ही ठेवला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्य संशोधनासाठी असली तरी समितीला तीच परिचयाची असतात, आणि समुदायाची संमती वैयक्तिक संमतीची जागा घेऊ शकत नाही, हे त्यांतही आहे.

हे आधी सांगायला हवे होते: अंदाजपत्रकात ‘सहभागी संस्थेस वर्ग करावयाचा निधी’ असे स्वतंत्र शीर्ष प्रस्तावातच असू द्यावे. ‘मजुरी’ या शीर्षाखाली गावकऱ्यांना पैसे दिले, की करारात भागीदार असलेली माणसे हिशेबात मजूर होतात, आणि प्रत्येकाच्या पावतीसाठी वेगळा पत्रव्यवहार करावा लागतो. आमच्या अंदाजपत्रकात हे शीर्ष नंतर नव्याने घालून घ्यावे लागले आणि त्यासाठी ती नस्ती पुन्हा सगळी टेबले फिरली. ग्रामसभेची बैठक मोहाच्या, मे महिन्यातल्या तेंदूच्या किंवा धानरोवणीच्या दिवसांत मागू नये, कारण लोक नाही म्हणणार नाहीत, पण येणारही नाहीत.

निष्कर्ष बाहेर प्रसिद्ध होण्यापूर्वी ग्रामसभेत मांडले जातील आणि नोंदींची एक प्रत गावात राहील, ही त्यांची अट करारात शब्दशः घातली आहे. आता दुसऱ्या हंगामाची तयारी चालू आहे आणि जाळ्या गावात पोहोचल्या आहेत. लेखा विभागाने मध्यंतरी ठरावाची मूळ वही ‘पडताळणीसाठी’ मागितली होती. ती देऊ नये, साक्षांकित प्रत द्यावी आणि तिची पोच घ्यावी.